एका फुलाला तीन खजूर

१४ मार्च, सकाळी
मब्रूका माहेरी गेली त्याला महिना होईल. काही वाटत नाही. चहात साखर घालायची राहिली, तसाच प्यालो. तिचं एकच टुमणं : मूल होत नाही, माझ्या सगळ्या टेस्ट झाल्या, आता तुमची करा, मगच येते. मी कशाला करू? आमच्या घराण्यात असलं काही नाही.
संकल्प : अंगणातली खजुरी यंदा मीच फळवणार. एरवी तिचा भाऊ खमैस नर झाडाच्या फुलांच्या ताज्या लडी आणून आमच्या मादीच्या पोयीत, फुलांच्या कोवळ्या तुऱ्यात, बांधतो. यंदा नको.

१७ मार्च
पोय फुटली. खमैसचा फोन. म्हणाला, दाजी, नर पाठवू का? भांडण तुमचं दोघांचं, झाडाने काय केलंय? नको म्हटलं. गेल्या वर्षीच्या लडी डब्यात आहेत. जरा कुबट वास येतो. मुरलेला माल.

संध्याकाळी
शिडीवर चढलो. बिस्मिल्ला म्हणून लड खोवली, पातीने बांधली. उतरताना पाठ धरली. शाळेत शिकलो होतो, एका फुलात तीन अंडाशय, वाढतं एकच, दोन गळतात. निसर्गालाही हिशेब कळत नाही.

९ एप्रिल
पाव आणि हरिसाची तिखट चटणी. कालही तेच. घर शांत आहे. बरं आहे. बहुतेक.

६ मे
कमाल झाली. दोन गळलीच नाहीत! एकेका फुलाला तीन-तीन खजूर! अख्ख्या तोझर गावात कुणाकडे नसतील. खमैसला फोटो पाठवला, खाली लिहिलं : हातगुण. उत्तर नाही. जळला असणार. मब्रूकाला निरोप दिला, ये आणि बघ, खोट कुणात आहे ते.

१५ मे
आली. शिडीवर तीच चढली. एक खजूर तोडून नखाने फोडला. आत बी नव्हती. म्हणाली, पराग लागला नाही की तिन्ही फळं अशी पोकळ फुगतात. बकऱ्यांना घाला. फोटो बघून खमैसला कळलं होतं, पण तुम्हाला कसं सांगायचं म्हणून गप्प बसला. मी म्हटलं, झाड म्हातारं झालं. ती म्हणाली, झाडात काही खोट नाही हो. रागाने म्हणाली असती तर भांडलो असतो.

२१ मे
दवाखान्यात गेलो. रांगेत पोस्टातला हाश्मी भेटला. मी म्हटलं, दात दुखतोय. तेवढ्यात नर्सने नाव पुकारून हातात झाकणाची बाटली दिली. हाश्मीने बाटलीकडे बघून विचारलं, कुठला दात?
रिपोर्ट गुरुवारी. मब्रूका म्हणते, तोवर इथेच राहीन. त्याच्यापुढचं मी विचारलं नाही. भीती वाटली.