बॉल घेऊन राह्यला

बाबा, परवा तुमच्या आठवणीत फुटबॉलची मॅच झाली. कॉलरीच्या त्याच मैदानावर, जिथून घरी येताना तुमचे पाय गुडघ्यापर्यंत कोळशाच्या भुकटीनं काळे झालेले असायचे आणि आई तुम्हाला न्हाणीच्या पुढे पाऊल टाकू द्यायची नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, खेळणं सोडलं त्याला तर पन्नासच्या वर. तरीही माणसं आली होती. सायकल दुरुस्तीवाले काका, तुमच्या टीमचे गोलकी, त्यांनीच सगळा घाट घातला. आता त्यांना एका कानानं ऐकू येत नाही आणि दुसऱ्या कानानं ते कुणाचं ऐकत नाहीत. मला फोन करून म्हणाले, "पोरी, तुले दोन शब्द बोला लागते. बापावर पोरीनं नाई बोलाचं त कोनं बोलाचं?" मी मराठीची शिक्षिका, पुढच्या वर्षी निवृत्त होणार. दोन शब्द म्हटले की चार पानं लिहिते. तशी लिहून घेऊन गेले.

प्लास्टिकच्या खुर्च्यांवर तुमचे जुने चाहते बसले होते. कुणाचे दात गेलेले, कुणाचा गुडघा बदललेला, पण आठवणींना कुणाच्याच गंज चढलेला नाही. तुम्ही बॉल मारण्याआधी क्षणभर थांबायचात, त्याबद्दल सगळ्यांना बोलायचं होतं. समोरचा बॅक अंगावर येतोय, गोलकी पुढं धावतोय, आणि तुम्ही मात्र डाव्या पायाखाली बॉल दाबून थांबलेले. मैदानाच्या कडेची माणसंही श्वास धरून थांबायची. "तुये बाबा थांबले का आमी टाळ्या वाजवाले हात वर कराचो," एकजण म्हणाले. "गोल मंग होये." मी तुम्हाला खेळताना फार पाहिलं नाही. तुम्ही मुंबईच्या कंपनीकडून तीन हंगाम खेळलात तेव्हा मी पाळण्यात होते, आणि मला कळायला लागलं तेव्हा तुमचा उजवा गुडघा गेला होता आणि तुम्ही कॉलरीच्या टाइम ऑफिसात हजेरी लावणारे बाबू झाला होतात. माझ्यासाठी तुम्ही आधी टीव्हीवाले, मग खेळाडू.

आपल्याकडे टीव्ही नुकताच आला होता तेव्हाची गोष्ट. तुमच्या मुंबईच्या टीममधला एकजण टीव्ही केंद्रात लागला होता, त्यानं तुम्हाला मराठी कॉमेंट्रीसाठी बोलावून घेतलं. रविवारी दुपारची मॅच. कॉलरीच्या क्लबात एकच टीव्ही, त्याच्यासमोर अख्खी वस्ती. कॉमेंट्री करणारा पडद्यावर दिसत नसतो हे कुणाला माहीत? आजी सगळ्यात पुढे बसली होती. प्रेक्षकांवरून कॅमेरा फिरला की ती वाकून एकेक चेहरा तपासायची. "आवाज त माया पोराचाच हाय," ती कुरकुरली, "मंग दिसून काऊन नाई राह्यला? कुठी बसवलं त्याले?" आणि तुम्ही त्या डब्यातून अगदी घरच्यासारखे बोलत होतात. "पाहा, थो पोरगा बॉल घेऊन राह्यला… घेऊन राह्यला… कोनी जवळच जाऊन नाई राह्यलं त्याच्या. काऊन नाई जात? अरे, जा ना बे जवळ!" तेवढ्यात गोल झाला. मॅच मुंबईत, पण क्लबाचे पत्रे इथं हादरले. पुढे महिनाभर कॉलरीत दुसरी भाषाच नव्हती. चहाच्या टपरीवर कुणाचा कप रिकामा राहिला तरी, "जा ना बे जवळ!" बसमध्ये कंडक्टर पुढच्या गर्दीत शिरायला लाजला तरी तेच. हे सगळं मला आईनं पत्रातून कळवलं होतं, कारण मी तेव्हा पुण्याला होते.

शिष्यवृत्तीवर एम.ए. मराठी करायला गेलेली मी आपल्या वस्तीतली पहिली मुलगी. निघताना तुम्ही मला चंद्रपूरच्या दुकानातून जाडजूड मराठी शब्दकोश आणून दिलात. "तुले कामात येईन," म्हणालात. वसतिगृहात टीव्हीची खोली होती. त्या रविवारी मी तिथं मागच्या बाकावर बसले होते, तुमचा आवाज येणार म्हणून सकाळपासून जेवण गेलं नव्हतं. तुम्ही "काऊन" म्हणालात आणि पहिली मुलगी हसली. "बे" म्हणालात तेव्हा सगळी खोली हसली. "ह्यांना कुठून पकडून आणलं गं?" कुणीतरी विचारलं. माझ्या शेजारची माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्याकडचे वाटतात." मी म्हटलं, "असतील." बाबा, मी एवढंच म्हटलं. आणि मॅच संपायच्या आधी उठून खोलीवर गेले.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला पत्र लिहिलं. कौतुकाच्या दोन ओळी, मग पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे तुमचे शब्द, उजवीकडे शब्दकोशात पाहून लिहिलेले माझे. मले, मला. कुठी, कुठे. काऊन, का. बॉल, चेंडू. गोलकी, गोलरक्षक. घेऊन राह्यला, घेऊन जात आहे. 'बे'च्या समोर काहीच लिहिलं नाही, नुसती फुली मारली. खाली लिहिलं की सगळा महाराष्ट्र ऐकत असतो, तेव्हा भाषा शुद्ध हवी. वीस वर्षांची पोर, बापाला शिकवायला निघालेली. शुद्ध या शब्दाचा तेव्हा मला केवढा माज होता!

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले तर तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून सराव करताय. हातात स्टीलचा गिलास, माईक म्हणून. आई लाखोळीच्या डाळीचे वडे तळतेय आणि तुम्ही तिला मॅच सांगताय, माझा कागद चुलीपासून जरा लांब, गुडघ्यावर पसरून. "तो चेंडू घेऊन… जात आहे. गोल… रक्षक पुढे येत आहे." आई झारा हातात धरून म्हणाली, "मॅच सांगून राह्यले का बिमाराले औषध सांगून राह्यले?" मी आईलाच दटावलं. मग मी तुमच्यासमोर बसून शब्द म्हणून घेतले, जशी आता पाचवीच्या पोरांकडून घेते. तुम्ही एकदाच अडलात. म्हणालात, "एक पाह्य पोरी. 'घेऊन राह्यला' म्हटलं का बॉल त्याच्या पायातच असते. 'घेऊन जात आहे' म्हटलं का थो गेलाच वाटते." मी म्हटलं, व्याकरणात असं नसतं. तुम्ही कागदाकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. "पुन्याच्या पोरी हासल्या काय?" मी नाही म्हटलं. "नाई ना?" तुम्ही पुन्हा विचारलंत. मी पुन्हा नाही म्हटलं. "मंग तू म्हनशीन तसं," म्हणून तुम्ही गिलास परत तोंडासमोर धरलात. वडे गार होईपर्यंत आपण शिकत बसलो.

पुढच्या मॅचला तुम्ही एक चूक केली नाहीत. वसतिगृहात कुणी हसलं नाही. कुणी लक्षही दिलं नाही. तुम्ही शब्द शोधायचात, सापडला की नीट उच्चारायचात, तोवर चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचलेला असायचा. आईनं लिहिलं, क्लबात माणसं येतात पण बोलत नाहीत. आजी म्हणते, हा आवाज त्याचाच आहे पण बोलणारा दुसराच कुणी आहे. मला ते तेव्हा गमतीचं वाटलं. तो हंगाम संपला आणि मुंबईहून बोलावणं आलं नाही. कारण विचारलं तर तुम्ही गुडघ्यावर हात ठेवून म्हणालात, "रेल्वेचा एवढा प्रवास नाई होत आता." मी विश्वास ठेवला. तसा विश्वास ठेवणं माझ्या सोयीचंच होतं. नंतर मला सिंदेवाहीच्या शाळेत नोकरी लागली, आणि आपण दोघं पुन्हा त्या विषयावर कधी बोललो नाही.

तर परवा मैदानावर मध्यंतरात तुमच्या कॉमेंट्रीचा विषय निघालाच. सगळ्यांना पहिली मॅच तोंडपाठ. एकानं गिलासात तोंड घालून "जा ना बे जवळ" केलं आणि म्हातारे खुर्च्यांवरून पडायचे राहिले. मग कुणीतरी म्हणालं, "पन मंग भाऊले का झालं बे? दुसऱ्या मॅचपासून पार बिघडले." दुसरा म्हणाला, "भाऊ नाई बिघडले. मुंबईवाल्यायनं बिघडवलं. आपल्या मानसाची जीभ बांधली त्यायनं." सगळ्यांनी मुंबईवाल्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. मी त्यांच्यामध्येच बसले होते, हातात चार पानांचं भाषण. नंतर माझं नाव पुकारलं, मी उठले, माईकवर गेले आणि चारही पानं स्वच्छ वाचून दाखवली. त्यात तुमची शिस्त होती, तुमची जिद्द होती, तुमचे संस्कार होते. टाळ्या पडल्या, शाळेत पाहुण्यांसाठी पडतात तेवढ्याच.

बस सुटायला वेळ होता म्हणून काका स्टँडपर्यंत सोबत आले, सायकल हातात धरून. मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "गुडघा बरा असता तर बाबा आणखी काही वर्षं बोलले असते, नाही?" काका थांबले. "कोनता गुडघा? अवो, शेवटल्या मॅचले मीच गेलो होतो ना संगं. त्या टीव्हीच्या साहेबानं माया समोर सांगतलं तुया बापाले, का पहिल्या मॅचले बोलले तसं बोला. लोकायची पत्रं आली म्हने, गावोगावून. तशी भाषा आजपर्यंत कोनी टीव्हीवर बोललंच नवतं म्हने." मी विचारलं, मग बाबा काय म्हणाले. काकांनी सायकलची घंटी उगाच एकदा वाजवली. "म्हने, तसं नाई जमत साहेब. माई पोरगी पुन्याले मराठी शिकून राह्यली. थे म्हनते तेच बरोबर. खिशातून तुया कागद काढला अन् साहेबाले दाखवला. घड्या पडून पडून फाटाले आलता. एवढ्या ऐटीत दाखवला का साहेबाले वाटलं, कोनतं सर्टिफिकेटच हाय." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून ते जरा चपापले. "तुले माईत नवतं काय वं?" बस आली. त्यांनी माझी पिशवी वर चढवून दिली आणि म्हणाले, "मनाले नोको लावू. थो खुश होता."

खुश होता. हेच मला पेलवत नाहीये, बाबा. रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्हाला आयुष्यात दोन गोष्टी मनापासून येत होत्या. एक गुडघ्यानं काढून घेतली, दुसरी मी. आणि तुम्ही ती माझ्या अक्षरातल्या कागदासाठी आनंदानं देऊन टाकलीत, वर गुडघ्याचं नाव पुढं केलंत म्हणजे मला कधी कळू नये. मी चुकले. पुण्याच्या पोरी हसल्या होत्या, बाबा. तुम्ही दोनदा विचारलंत आणि मी दोन्हीदा खोटं बोलले. तुम्हाला ते तेव्हाही कळलं असणार. समोरचा कुठल्या बाजूला झेपावणार हे ओळखण्यात तुमचा हात कोण धरणार होतं?

तीस-बत्तीस वर्षं मी पोरांच्या वह्यांमधून 'राह्यला' खोडत आले. सिंदेवाहीत, पोंभुर्ण्यात, आता वडशात. निबंधात एखादं पोरगं लिहितं, 'आई रोवणा करून राह्यली', की माझी लाल रेघ तयार. त्या पोराला शिवारात भाताची रोपं लावत वाकलेली आई आत्ता दिसतेय, आणि मी समासात लिहिते, करत आहे. तुमचं म्हणणं बरोबर होतं. 'राह्यला' म्हटलं की माणूस जात नाही, तिथंच असतो. पायाखाली बॉल दाबून थांबलेला असतो.

हे पत्र मी काही कुणाला दाखवणार नाही. काकांना दाखवायचं मनात आलं होतं, पण ते चौकात मोठ्यानं वाचतील. ते शब्दकोशातच ठेवीन. आणि एक सांगायचं राहिलं. याच्याआधी मी दुसरा कागद घेतला होता. ठरवलं होतं, निदान तुम्हाला तरी आपल्या बोलीत लिहायचं. 'बाबा, मले तुमची लय आठवन येऊन राह्यली' असं एक वाक्य लिहिलं आणि पुढं काही सुचेना. वह्या तपासायचं पेन हातात घेऊन बसले. मग खाली पाहिलं तर 'मले', 'आठवन' आणि 'राह्यली' या तिन्ही शब्दांखाली माझ्याच हातानं लाल रेघा ओढलेल्या होत्या.