बोटामागची नजर

३ मार्च
आज दादाकडे मुक्कामाला आलो. वहिनीनं मागची खोली लख्ख केलीये. पलंग, टेबल, खिडकीत ऊन. तीस वर्षं छापखान्यात प्रुफं वाचली, आता यकृतानं राजीनामा दिला म्हणून भावाच्या गळ्यात पडलोय. डॉक्टरांनी दादाला बजावलंय: यकृत रक्तातली घाण काढत नाही, ती मेंदूत चढते. दिवसातून तीनदा गोड औषध द्यायचं, जुलाबावाटे विष बाहेर पडतं. बिघडायला लागलं की आधी डोळे चुगली करतील. म्हणून रोज सकाळी दादा माझ्या नाकासमोर बोट फिरवणार आणि मी नजरेनं त्याचा पाठलाग करणार. आज एकदाही निसटू दिलं नाही.

९ मार्च
औषध इमानेइतबारे काम करतंय. संडास गाठेपर्यंत धीर निघत नाही. आज दोन चादरी गेल्या. वहिनीनं नाकाला पदर लावून त्या धुतल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१४ मार्च
औषध हल्ली पातळ लागतं. पोट शांत, चादरी कोरड्या, वहिनी खुशीत, मीही. फक्त वाचताना ओळ संपली की नजर पुढच्या ओळीवर जात नाही, मधेच लोंबकळते. चष्म्याचा नंबर वाढला असेल.

१७ मार्च
दादाचं बोट डावीकडे पोचलं, माझे डोळे मागून धक्के खात आले. तो म्हणाला, झोप कमी झाली असेल.
दुपारी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. वहिनी औषधाच्या बाटलीत साखरेचं पाणी ओतत होती. लपवलंही नाही. म्हणाली, “तुमचं डोकं ठिकाणावर राहावं म्हणून मी किती चादरी धुवायच्या, भाऊजी?”

१८ मार्च
डॉक्टरांना फोन केला. शब्द सापडेनात, तरी साखरेच्या पाण्याचं कसंबसं सांगितलं. ते मायेनं म्हणाले, घरच्यांवर संशय येणं हेही याच आजाराचं लक्षण आहे. मग दादाशी बोलले. दादानं सांगितलं, औषध वेळेवर चालू आहे.

२० की २१
दादाला बाटली चाखायला लावली. त्यानं चाखली. झाकण घट्ट लावलं. म्हणाला, “आता घराला वास येत नाही रे. तेवढं तरी राहू दे.”

मार्च
बोटं दोन दिसतात— नजर आपोआप खाली ओढली जाते— बोलायला गेलो की तोंडातून भलतंच येतं. लिहिता येतंय अजून. आत सगळं समजतंय, मला भीती वाटतेय. उद्या डॉक्टर घरी येणार. ही वही त्यांच्या हातात—

आज
बाहेर डॉक्टरांचा आवाज. दादा आत आला. बोट फिरवलंच नाही. म्हणतो, डोळ्यांना ताण नको, वही दे— वहिनीनं मनगट धरलंय— डॉक्टर, बाटलीतलं चाखून बघ—