पद्मिनीची कुरकुर

३ नोव्हेंबर, रविवार

आजपासून रोजनिशी. गाडीच्या कामाची नीट नोंद पाहिजे. उभी हयात महाडच्या एमआयडीसीत स्टोअर्सला काढली. ज्याची नोंद नाही त्याला मी माल म्हणत नाही.

काम असं. माझ्या जुन्या पद्मिनीच्या सस्पेन्शनचे बुश गेलेत. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये रबराची नळकांडी असतात, ती पार खाल्ली गेली आहेत. वळण घेतलं की कुंईं, खड्डा आला की खट्ट. नाक्यावर गाडी आली की आमच्या गल्लीला कळतं, रऊफ आला.

उद्देश: बायकोला, शमसुन्निसाला, माहेरी नेणे. माहेर पोलादपूरच्या पुढे. हल्ली ती थोडं विसरते. परवा मला विचारलं, तुम्ही कोणाकडे आलात. चेष्टा असणार. डॉक्टरने आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, पण डॉक्टर वयाने फारच लहान आहे. माझं निदान: कंटाळा. माहेरची विहीर बघितली की सगळं आठवेल. मात्र या खडखडाटात तिला नेणार कशी?

निश्चय: बुश असे घ्यायचे की पुन्हा बघायला नको. शिवाय साखर आजपासून बंद.

७ नोव्हेंबर, गुरुवार

एक पेढा. दुसऱ्याच्या घरी नाही म्हणता येत नाही.

रबर की पीयू? रबर मऊ, गाडी छान झुलते, पण आपल्या रस्त्यांवर टिकणार किती? पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. कडक, पण तेलपाण्याला दाद देत नाही. आमच्या प्लांटमध्ये पंपाच्या कपलिंगला हेच होतं. पंप भंगारात गेले, आम्ही रिटायर झालो, पीयू तसंच.

सून अफरीन आज म्हणाली, "अब्बा, अम्मी दिवसभर खिडकीत गप्प बसतात. पण तुमच्या गाडीचा आवाज आला की उठतात, स्वतः चहा ठेवतात. तुम्ही गाडीतून आलात की तुम्हाला बरोबर ओळखतात पण."

म्हणजे आवाजाने बाई दचकून उठते. काम अर्जंट.

चहा फिकाच मिळतो. शमसुन्निसा मला साखरेच्या डब्याला हात लावू देत नाही. माझी शुगर तिला पक्की पाठ आणि काल फोनवर स्वतःच्या मुलाला ओळखलं नाही. हाशिम कतारला आहे. लाइन खराब असेल.

१३ नोव्हेंबर, बुधवार

पोलादपूरला महिपत मेकॅनिककडे जाऊन आलो. तो म्हणतो, "चाचा, रबरच टाका. जुन्या गाडीला थोडा आवाज पायजेच, नायतर गाडी हाय का कपाट हाय, कसं कळनार?" त्याच्याकडे रबराचा जुना स्टॉक पडून आहे, हे मी एका नजरेत ओळखलं. पुण्याला पीयूची ऑर्डर दिली.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

पार्सल आलं. लाल रंग, फिनिशिंग उत्तम. एक बुश दाताने चावून बघितला. त्याच्यावर खूण नाही. दात दुखतो.

शमसुन्निसाला दाखवला. हातात फिरवून म्हणाली, "बांगडी लय जाड हाय." विनोदबुद्धी शाबूत आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

बुश बसले. जुने काढल्यावर महिपतने विचारलं, "ठेवू का? कधी लागले तर?" मला हसू आलं. परत येताना सावित्रीच्या पुलावर थांबलो आणि एकेक करून नदीत फेकून दिले. एवढं मोकळं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

गाडी काय चालते! गल्लीत वळलो तर रस्त्यात झोपलेलं मांजरसुद्धा उठलं नाही.

शमसुन्निसाही उठली नाही. मी दारात आलो तेव्हा तिने डोक्यावर पदर घेतला, तोंड फिरवलं आणि आत गेली. अफरीनला सांगताना ऐकलं, "कोन पुरुष आलाय गो. घरात पुरुषमानूस नाय, मागाहून ये म्हन त्याला."

थकली असेल. आज चहा नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार

ती संध्याकाळपर्यंत खिडकीत बसून असते. जेवत नाही. माझ्याआधी ती कधीच जेवलेली नाही, ती सवय अजून आहे. अफरीनने ताट पुढे केलं तर म्हणाली, "ते आल्याबिगर कसा घास उतरंल? अजून गाडी नाय आली."

मी समोर खाटेवर बसलो होतो.

हवापालट केला की सुधारेल. रविवारी माहेर, नक्की.

१ डिसेंबर, रविवार

गाडी धुतली, सीटवर नवी चादर घातली. अफरीनने तिला दारापर्यंत आणलं. मी गाडीचं दार उघडून उभा राहिलो. तिने गाडी बघितली, मग मला बघितलं. "परक्याच्या गाडीत मी नाय बसत. आमच्या घरची गाडी येईल."

चादर काढून ठेवली. धुतलेली गाडी दिवसभर उन्हात उभी.

५ डिसेंबर, गुरुवार

नवी योजना: गाडीला पुन्हा बोलतं करणे. बुशांचं ग्रीस पेट्रोलने धुतलं. आत वाळू घातली. मुद्दाम सगळ्या खड्ड्यांतून नेली. चूं नाही की चां नाही.

कंपनीला फोन लावला. पोरगा अभिमानाने म्हणाला, "सर, आवाजाची तक्रार येणारच नाही." म्हटलं, तीच तर माझी तक्रार आहे. तो म्हणाला, "मग कंप्लेंट काय लिहू?" मी फोन ठेवला.

मग महिपतकडे. म्हटलं, बाबा, टाक तुझं रबर. तो म्हणाला, "टाकतो की. पन नवा रबर मुकाच र्‍हानार. कुरकुरायला लागंल तवर चारपाच वर्षं जातील." तेवढी वर्षं आहेत कुठे आमच्याकडे? डॉक्टर लहान असला तरी त्याने तेच सांगितलं होतं.

आयुष्यभर माल तपासला. कंपनीने सांगितलं तसाच निघालेला हा पहिलाच.

८ डिसेंबर, रविवार

पुलाखाली उतरलो. गुडघाभर पाण्यात दगड चाचपले. एक चप्पल सापडली, तीही डाव्या पायाची. पाणी काही परत देत नाही.

येताना गाडी नाक्यावर ठेवली आणि गल्लीत तोंडाने कुंईं, खट्ट करत चालत आलो. पोरं हसली. खिडकीत ती सावरून बसली, मान वर केली. मला वाटलं, जमलं. पण तिने मला बघितलं आणि पदर ओढून घेतला. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडलो.

११ डिसेंबर, बुधवार

आज बाजारातून आलो तेव्हा ती आपणहून उठली. स्वयंपाकघरात गेली, स्टोव्ह पेटवला. अफरीन पुढे झाली, पण मी खुणेने थांबवलं. भांड्याचा आवाज येत होता. म्हटलं, आठवलं. अल्लाचे आभार मानले. हाशिमला काय सांगायचं तेसुद्धा मनात ठरवलं.

चहा आला तो ट्रेमधून. बशीवर फुलांचा कप, कपाटातला, पाहुण्यांचा. ट्रे समोर ठेवून ती पडद्याआड गेली आणि तिथून म्हणाली, "घ्या. आमचे येतीलच आता. गाडीचा आवाज लांबनं येतो. बसा तुमी."

बसलो. घोट घेतला. गोड. दोन चमचे तरी साखर असेल.

घरच्या माणसाला ती साखर देत नाही. सगळा चहा प्यायलो.