अकरा शिरांचं पान

मोहोपाडा, ७ सप्टेंबर २०२५

चि. भाग्यश्रीस मनोजमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं आंब्याचं पान मिळालं. मोबाइलवर फोटो पाठवला असता तर एवढा उपद्व्याप नसता, असं ताई म्हणते म्हणे. तुझ्या आईला सांग, फोटोत हिरवा रंग खोटा पडतो. मला कागद हातात लागतो.

पान बरं आहे. बरं म्हणजे चांगलं नव्हे. सावलीला काळी पेन्सिल वापरलीस. पानात काळा रंग असतो कुठे? आधी पिवळा हलका फिरव, त्यावर हिरवा, मधल्या शिरेजवळ किंचित तांबडा. शिरा मात्र सगळ्यांच्या आधी, कोऱ्या कागदावर रिकाम्या रिफिलने दाबून घ्यायच्या. मग वरून कितीही रंग फिरव, चरीत तो उतरत नाही. हे मला कुणी शिकवलेलं नाही. कारखाना सोडल्यावर तीनशे कागद नासवले तेव्हा हाताला कळलं. तुला आयतं मिळतंय.

पानाखाली झाडाचं नाव, गाव, तारीख घालायला विसरलीस. लाल पेन्सिलने गोल केलाय बघ. नाव नसलेलं पान मी पाहत नाही, परत पाठवतो.

लोभ आहेच, आळस मात्र नसावा.
मनोजमामा

भिवपुरी, २१ सप्टेंबर २०२५

ती. मामांना भाग्यश्रीचा नमस्कार.

काळी पेन्सिल डब्यातून हद्दपार केली. आई म्हणाली, मामाला विचार, काजळ घातलेलं चालेल ना?

एक बातमी. कर्जतची काही झाडवेडी मंडळी शाळांसाठी आपल्या तालुक्यातल्या झाडांचं पुस्तक काढताहेत. चित्रं काढणारं कुणीतरी हवंय. नमुन्याचं एक पान काढायचं आणि तेच पान वाळवून सोबत जोडायचं. पसंत पडलं तर पुस्तकातली चाळीसही पानं माझी. मामा, दिवसभर पतपेढीत शिक्के मारते, पण पुस्तकावर आपलं नाव येईल हे डोक्यातून जात नाही.

दसरा तोंडावर आलाय, म्हणून विहिरीजवळच्या आपल्या आपट्याचं पान काढलंय. दोन रविवार गेले. वाळवलेलं माझ्याकडेच ठेवलंय, चित्र तेवढं पाठवते. तीस तारखेच्या आत कर्जतला पोचायला हवं, तेव्हा नुसती नजर टाका आणि लगेच परत पाठवा. नुसती नजर हं.

तुमची माया अशीच राहू द्या.
भाग्यश्री

मोहोपाडा, २५ सप्टेंबर २०२५

चि. भाग्यश्रीस आशीर्वाद.

नजर टाकली. तिथेच थांबता आलं नाही.

आपट्याचं पान लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतं. वरची खाच तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. तू जवळजवळ निम्म्यापर्यंत चिरलंस. शिरा नऊ. तू अकरा कुठून आणल्यास? तीन पुस्तकं काढून ताडून पाहिलं. पुस्तकात हे असंच गेलं तर शाळेतली पोरं जन्मभर अकरा मोजतील.

तुला पुन्हा काढायला वेळ नव्हता, म्हणून मीच खोडून नीट करून दिलंय. रंग तुझा, बांधा माझा. सरळ कर्जतला दे. राग येईल तुला. येऊ दे, रागाने शिकलेलं विसरत नाही.

कामाचं ठरलं की कळव.
मनोजमामा

भिवपुरी, २४ ऑक्टोबर २०२५

चि. मनोज यास ताईचे आशीर्वाद.

मी बोलते तशी लिहिते, चुकांवर गोल करीत बसू नको.

काल भाऊबीजेला आलास, ओटीवर बसलास, ओवाळून घेतलंस. भाग्यश्री बोलत का नाय म्हणून विचारलंस, तर डोकं दुखतंय तिचं असं मीच सांगितलं. सणाच्या ताटात खडा नको म्हणून. आज सांगते.

तिला काम मिळालं नाय. कर्जतच्या पुस्तकवाल्या बाईंनी वाळवलेलं पान नि चित्र शेजारी ठेवलं. म्हणाल्या, पान कांचनाचं हाय, चित्र आपट्याचं, मग हे ह्या पानाचं चित्र कसं? कागद उजेडात तिरका धरला तर तुझ्या नऊ शिरांखाली हिच्या दाबलेल्या अकरा चरी तशाच्या तशा. बाई म्हणाल्या, अगं, खरं काढलं होतंस, मग खोडलंस कशाला? हिनं चित्र नि पान पिशवीत भरलं. तुझं नाव नाय घेतलं तिनं.

आणि ते झाड आपटा म्हणून लावलं कुणी रं? बावीस वर्षांमागं रोप तूच आणलंस, तुझ्याच अक्षरातली पत्र्याची पाटी तूच ठोकलीस. जांभळी फुलं आली तेव्हा मी विचारलं होतं. तू म्हणालास, आपट्याला जमिनीगणिक रंग येतो. भाऊ शिकलेला, त्याच्या शब्दावर आमी दर दसऱ्याला गावभर कांचन वाटला सोनं म्हणून. पोरीनं नाव पाटीवरचं लिहिलं नि पान झाडावरचं काढलं. त्यातलं खरं होतं तेवढंच तू खोडलंस.

पेन्सिलींचा डबा माळ्यावर गेलाय. ये म्हणत नाय, येऊ नको म्हणत नाय.

तुझी ताई

मोहोपाडा, २ नोव्हेंबर २०२५

चि. भाग्यश्रीस आशीर्वाद.

ताईचं पत्र मिळालं. रोपवाटिकेवाल्याने ते रोप आपटा म्हणूनच दिलं होतं, हे आधी नमूद करतो. तेव्हा मला पानं कळत नव्हती. कळायला लागल्यावर मी पुस्तकं पाहिली, डोंगर पाहिला, खालापूरच्या वाटेवरची झाडं पाहिली. विहिरीकडे गेलो नाही. आपणच लावलेलं झाड, त्यात पाहायचं काय?

मंगळवारी तुम्ही घरी नसताना मागच्या वाटेने आलो. तीन पानं तोडली, तिथेच उभ्याने शिरा मोजल्या. तिन्हींत अकरा.

सोबतचं चित्र त्यातल्याच एका पानाचं. पाच दिवस लागले. कर्जतच्या बाईंना पत्र लिहावं म्हणतो, खाडाखोड माझी म्हणून. डबा माळ्यावरून काढ, पेन्सिलींना ओल धरते.

उत्तर पाठवशील ना?
मनोजमामा

भिवपुरी, १० नोव्हेंबर २०२५

ती. मामांना नमस्कार.

बाईंना लिहू नका. चाळीस पानं आता दुसरं कुणी काढतंय. पाटी मी काढली. खिळा सालीत पार आत गेलाय, तो राहू दिला.

तुमचं पान परत पाठवते आहे. रंग उत्तम आहे, खाच बरोबर आहे, शिरा अकरा आहेत. गाव आहे, तारीख आहे. झाडाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. तिथे लाल पेन्सिलने गोल केलाय.

नाव नसलेलं पान मी पाहत नाही.

भाग्यश्री