चावणारी पायरी

आप्पा,

तुमच्याशी मी शाळेतलं मराठी कधी बोललो नाही. दुकानात तुम्ही अहिराणीत बोलायचात, मीही तसंच उत्तर द्यायचो. पण कागद पुढे घेतला की हात गुरुजींनी शिकवलेल्या भाषेकडेच जातो, त्याला इलाज नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. तळोद्यातल्या तुमच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. तुमचा हाताने फिरवायचा मेगर माझ्याकडे आहे. वायरीतून वीज कुठे झिरपते ते मोजायला आता बॅटरीवरची छोटी यंत्रं मिळतात, पण मी तुमचंच वापरतो. दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहतो, आणि कामाला निघताना त्याची पेटी एकदा कपाळाला लावतो. बायको हसते. हसू दे.

परवाची गोष्ट सांगायची आहे. इकडे एक फिरता दवाखाना आहे. बसएवढी लांब गाडी, आत तपासणीचं टेबल, औषधांचा फ्रीज, पाण्याचा हीटर, एसी, झोपायला दोन बाकं. म्हणजे चाकांवरचं एक घरच. मागच्या कप्प्यात जनरेटर. पण जनरेटर सुरू असला की डॉक्टरांना छातीचे ठोके नीट ऐकू येत नाहीत, म्हणून गावात वीज असेल तिथे लांब केबल सोडून शाळेच्या नाहीतर पंचायतीच्या प्लगमध्ये घालतात. तीन वर्षांपूर्वी या गाडीचं आतलं सगळं वायरिंग मी केलं. उद्घाटनाला मला नारळ आणि टोपी मिळाली होती. ती टोपी अजून खुंटीला आहे.

अक्कलकुव्याच्या वर डोंगरात एक आश्रमशाळा आहे. तिथे गाडी जोडली की शाळेच्या मुख्य बोर्डावरचा ईएलसीबी पडायचा. तुमच्या वेळी हा स्विच आपल्याकडे फार दिसत नव्हता. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला नाही, थोडा जरी भलतीकडून जमिनीत गेला, तरी तो खटकन लाइट तोडतो. माणसाला झटका बसण्याआधी तोडतो, म्हणून मोलाचा. बाकी कुठल्याही गावात गाडीची तक्रार नव्हती. त्यामुळे सगळ्यांनी शाळेलाच दोषी धरलं होतं. वसतिगृहाच्या अधीक्षिका बाई वैतागून मला म्हणाल्या, "तुमची गाडी आली की आमचे पंखे बंद. मी वायरमनला सांगितलंय, उद्या हा स्विच काढ आणि डायरेक्ट कर." त्याच बोर्डावरून मुलींच्या न्हाणीघरातल्या गीझरची लाइन जाते. ओली फरशी, ओल्या मुली. मी म्हटलं, "बाई, आजचा दिवस द्या."

मग तुम्ही शिकवलंत तसा मी एकेक सुटं करत गेलो. आधी संशय हीटरवर, कारण गळतीचा नेहमीचा चोर तोच. हीटर सोडला, मेगर फिरवला, चोख. फ्रीज सोडला, चोख. एसी, दिवे, पंखा, उपकरणं उकळायचं यंत्र, सगळं चोख. केबल हातभर-हातभर चाचपत पाहिली, कुठे उंदराचा दात नाही. ऊन डोक्यावर आलं. गाडीचा ड्रायव्हर पायरीवर बसून तंबाखू मळत होता. "भो, तीन तास व्हई गयात. इतलामा ते नवरीबी तयार व्हई जास." सिस्टर आतून म्हणाली, "त्यांना काम करू दे ना रे, तुला काय गाडी पुसायची नाहीये का?" तो म्हणाला, "सिस्टर, बठा गावेसमा चालस, अठेच रडस. शाळानाच स्विच खराब शे. मी कवयनं सांगी ऱ्हायनू, पन ड्रायव्हरनं कोन आयकस?"

मग मी गाडीतले सगळे स्विच खाली पाडले. आत एक दिवासुद्धा नाही. नुसती केबल जोडली. शाळेचा स्विच टिकला. तेवढ्यात बाईंनी वर्गातले पंखे लावले, आणि तो पडला. गाडी काहीच वापरत नव्हती, पंखे शाळेचे होते, तरी पडला. ड्रायव्हर टाळी वाजवून म्हणाला, "देखा? मी काय सांगं?" पण मी मेगर पेटीत ठेवून दिला, आप्पा. कारण याचा अर्थ एकच होतो. पंख्यांचा करंट परत जाताना थोडा न्यूट्रलमधून जातो आहे आणि थोडा आमच्या केबलमधून येऊन, गाडीच्या पत्र्यावरून, अर्थिंगच्या तारेतून. म्हणजे गाडीत कुठेतरी न्यूट्रल पत्र्याला जोडलेला आहे. आणि कुठे जोडलेला आहे ते शोधायची मला गरज नव्हती. जनरेटरच्या कप्प्यात, जनरेटर की बाहेरची लाइट हे बदलणाऱ्या चेंजओव्हर स्विचच्या मागे, तांब्याचा एक छोटा तुकडा आहे. तो मी स्वतः आवळला होता.

मला तो बँकेचा जनरेटर आठवतो. मी बावीसचा, नवीन लग्न झालेलं. तुम्ही कप्प्यात वाकलेले, तोंडात स्क्रू धरलेला. "जनरेटरनी लाइट शे तर न्यूट्रल बॉडीले बांध," असं म्हणून तुम्ही मला तो तुकडा लावायला दिलात. मी लावला. बाहेर गावाकडची शेवटची जीप हॉर्न देत होती. त्यापुढे तुम्ही काहीतरी बोलत होतात, मी "हां आप्पा, हां" म्हणत पिशवी उचलली. मागून तुमचा आवाज आला, "अर्धं आयकस नि पयस!" बरोबर आलेली दुकानातली पोरं हसली. पुढे कितीतरी दिवस मला त्याच वाक्याने चिडवायचे.

शाळेच्या अंगणात त्या तुकड्याकडे पाहत मी "करंट पत्र्यावर येतोय" असं पुटपुटलो, तेव्हा सिस्टर सहज बोलून गेली. "म्हणूनच ती म्हातारी म्हणत होती का हो?" मी विचारलं, कोण म्हातारी? तर उन्हाळ्यात वरच्या एका पाड्यावर एक म्हातारी पायरीला हात लावून मागे सरली होती. गाडी चावते, म्हणाली. पुन्हा चढलीच नाही, तपासून न घेताच घरी गेली. सिस्टरला वाटलं, सुईला घाबरली. सगळे हसले होते. मी विचारलं, पायात काही होतं तिच्या? सिस्टर म्हणाली, "नाही. अनवाणी होती."

तुम्हाला समजावून सांगायला नको. त्या पाड्यावरच्या प्लगात अर्थिंग नसणार, आणि फेज-न्यूट्रलची अदलाबदल झालेली असणार, आपल्याकडे ती होतेच. मग तो तांब्याचा तुकडा न्यूट्रल नव्हे, फेजच पत्र्याला बांधतो. सबंध गाडीच्या पत्र्यात करंट. गाडीतला आमचा ईएलसीबी त्या तुकड्याच्या पुढे, त्याला पत्ताच नाही. आम्ही चपला घालणारे, आम्हाला कळलं नाही. जमीन कोरडी होती म्हणून ती म्हातारी घरी गेली. पावसाळा असता तर? हा विचार मी पूर्ण करू शकत नाही, देवाचं नाव घेऊन तिथेच थांबतो.

मी बाईंना म्हटलं, "तुमचा स्विच काढू नका. बाकी गावांत असा स्विचच नाही, म्हणून तो एकटाच खरं बोलतोय. बिघाड गाडीत आहे." बाईंनी विचारलं, "गाडीचं वायरिंग कोणी केलंय?" डॉक्टर, सिस्टर, ड्रायव्हर, सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, "मीच. पण ज्यांच्याकडे शिकलो, त्यांनी मला असंच शिकवलं होतं."

ड्रायव्हर लगेच म्हणाला, "मंग गुरुच कच्चा निंघना ना भो!" सगळे हसले. आप्पा, मीही हसलो.

तुकडा मी तिथेच काढला. नंदुरबारहून दोन्ही तारा एकदम तोडणारा चेंजओव्हर आणून बसवला, आता जनरेटर चालू असतानाच ती जोड लागते, बाहेरची लाइट घेतली की आपोआप सुटते. शाळेचा स्विच जागेवर आहे, पंखे फिरतात. काल ती गाडी त्या पाड्यावर गेली, मीही बरोबर गेलो. गाडी त्याच प्लगला जोडली, आधी टेस्टर लावला, मग टेस्ट लॅम्प लावला. मग पायरीपुढे बादलीभर पाणी ओतलं, चपला काढल्या आणि दोन्ही हातांनी पायरी धरली. म्हातारी लांब झाडाखाली उभी राहून पाहत होती. बऱ्याच वेळाने जवळ आली. पायरीला तिने बोट लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन वर चढली. येताना ड्रायव्हर गात होता. त्याला सांगायचं होतं, तुझं ते 'गुरुच कच्चा' वाक्य मागे घे. पण मग माझं वाक्यही मागे घ्यावं लागलं असतं, म्हणून घाट उतरेपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसलो.

हा कागद मेगरच्या पेटीत, वरच्या कप्प्यात ठेवतो. पुढच्या फेरीत ड्रायव्हरशी बोलेन असं म्हणतो आहे, बोलेनच असं लिहीत नाही. तुमच्यापुढे मात्र एवढं लिहितो. गाडीचं काम चाललं होतं तेव्हा दोन तारा तोडणारा स्विच तळोद्यात मिळाला नाही. उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. एकच तार तोडणारा, न्यूट्रल कायम जोडलेला ठेवणारा, हाताशी होता, तो लावला, नंतर बदलू म्हटलं. पुढे आठवण झाली की मी स्वतःला सांगायचो, आप्पांनी पुढचं सांगितलं ते जीपच्या हॉर्नमध्ये ऐकूच आलं नाही. "बाहेरनी लाइट लिधी का ती गाठ सोडी टाक, नही तर करंट घर भुली जास." शब्दन् शब्द हाच होता. त्या दिवशी मी पळालो खरा, आप्पा, पण पूर्ण ऐकून पळालो होतो.