लोखंडी कढई उज्वलाताईंना द्यावी

दिनांक १४ जून २०२५, शनिवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. दवाखान्यात पिशवीभर रक्त काढून आताच घरी आलो. दंडाची पट्टी तशीच आहे. डावा हात उशीवर ठेवून लिहीत आहे.

मी, सोमनाथ सावळीराम शेवाळे, वय २९, धंदा पाट्या रंगवणे, राहणार पंचवटी, नाशिक, शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र करतो. डोके जरा जड आहे, पण विचार ठीक आहेत. मृत्युपत्र करून ठेवू का, असे डॉक्टरांना विचारले. ते हसले. "अहो, वेळेत सापडलंय. यकृत अजून चांगलं आहे. नियमित रक्त काढत राहा, म्हातारे व्हाल." तरी लिहितो.

१. खोली व बँकेतील ठेव आई चांगुणाबाई हिला. तिने मनाला लावून घेऊ नये. मी थकायचो, बोटे दुखून ब्रश धरवत नसे, तेव्हा "रक्त कमी झालंय तुझं" म्हणत तिने गूळ-शेंगदाणे दिले, लोहाच्या गोळ्या आणल्या. माझ्या आजारात अंगात लोहच साठत जाते आणि रक्त काढले की ते उतरते, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

२. लोखंडी कढई शेजारच्या उज्वलाताईंना. त्यांचे रक्त खरोखर कमी आहे. कढईने फारसा फरक पडत नाही असे डॉक्टर म्हणतात, पण मला ती घरात बघवत नाही.

३. आप्पा, म्हणजे माझे वडील, यकृत खराब होऊन पन्नाशीत गेले. दहाव्याला केरूकाका चारचौघांत म्हणाले, "घेत असणार चोरून." आप्पांनी थेंबही घेतला नाही. त्यांची साखर, काळवंडलेली कातडी, फुगलेले पोट हे सगळे याच आजाराचे असावे, असे डॉक्टर माझा रिपोर्ट पाहून म्हणाले. काकांनी या कागदावर साक्षीदार म्हणून सही करावी. एवढीच शिक्षा.

४. मोटारसायकल धाकटा भाऊ स्वराज याला. हा आजार आईबापांकडून येतो. सख्ख्या भावालाही असण्याची शक्यता चारात एक. तो नामपूरला कांदा मार्केटात असतो. फोन केला की म्हणतो, "दादा, मी ठणठणीत हाय. रिपोर्टात काय निघालं तर जमलेलं लग्न मोडंल." स्वराज, आप्पाही ठणठणीतच दिसायचे. आत्ता कळले तर रक्त काढून भागते. यकृत आकसल्यावर कळले तर रक्त काढूनही कॅन्सरची धास्ती राहते. मोटारसायकल माझ्या मरणाची वाट न पाहता घेऊन जा, पण आधी तिच्यावर माझ्या मागे बसून तपासणीला चल.

ठिकाण: नाशिक
सही: सोमनाथ सावळीराम शेवाळे

साक्षीदार:
१. शामसुंदर जोशी, किराणा दुकानदार, पंचवटी
२. केरू दगडू शेवाळे, चुलते

(काकांनी सहीखाली स्वतः लिहिले:) तिसरं कलम लय झोंबलं. पण खरं हाय, भाऊ पीत नव्हता. सोमवारी स्वराजला बखोटीला धरून आणतो. बिचकला तर त्याच्यासमोर आधी माझं रक्त तपासा, मी बी त्याच घरचा हाय.