सुकेळ्यांचं पुडकं

आगाशी, मंगळवार, मार्च १९५३

आजही नैरोबीचं पत्र नाही. हे तिकडे रेल्वेत लागून दीड वर्ष झालं. माझा परवाना आला की मी बोटीत बसायचं, एवढंच ठरलेलं. तो का येत नाही, कोणी सांगत नाही. की हेच सांगत नाहीत? जाऊ दे, असं लिहू नये.

सकाळी सासूबाईंनी माझी ट्रंक उघडली. ह्यांच्यासाठी न्यायला म्हणून बांधलेलं सुकेळ्यांचं पुडकं काढलं आणि ती वाळलेली केळी पुन्हा उन्हात घातली. मला रागच आला. माझ्या ट्रंकेला हात कशाला? त्यांना माझं जाणं नकोच आहे. पण दिवसभर कावळे हाकत त्याच बसल्या, मला बसू दिलं नाही.

तिन्हीसांजेला पुडकं बांधताना मी म्हटलं, "आई, गेल्या वर्षीची सुकेळीही शेवटी आपणच खाल्ली."

"बुरशी लागली असती गो," त्या म्हणाल्या. डोळे पुसले. मग पुडकं उचलून ट्रंकेत नाही, स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवलं.

उठून ते परत ट्रंकेत ठेवायचं, एवढंच माझं काम होतं. मी उठले नाही.